करार संपलेला स्टॉपर

त्या मोसमाच्या शेवटी आमचे अकरा खेळाडू एकाच महिन्यात गेले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. करार संपले, त्यांनी सामान बांधलं, ऑफिसात येऊन माझ्या पाया पडले आणि गेले. एकजण जाताना त्याच्या फ्लॅटमधलं मनीप्लांट माझ्या टेबलावर ठेवून गेला. "पाणी घाला मॅडम याला," एवढंच म्हणाला. असल्या निरोपांची मला सवय झाली आहे असं मी समजत होते. पण तो गेला आणि मी बराच वेळ भिंतीवरच्या टीमच्या फोटोकडे बघत बसले. त्यातले निम्म्याहून जास्त चेहरे आता आमचे नव्हते.

मी या फुटबॉल क्लबची टीम मॅनेजर. त्याआधीची सगळी वर्षं मी नेरूळच्या एका कॉलेजात पोरापोरींना खेळ शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, तेव्हा कुणीतरी या कामाचं सुचवलं. मॅनेजर म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. प्रत्यक्षात जर्सी वेळेवर धुऊन येतात का, बस आली का, कुणाच्या घोट्याला सूज आहे, कुणाच्या फ्लॅटचा गीझर बंद आहे, हे सगळं माझ्याकडे. क्लब व्यावसायिक होता, पण दुसऱ्या पायरीवरचा. वरच्या लीगमधल्या संघांची नावं लोकांना पाठ असतात, आमचं नाव नेरूळमध्ये सांगितलं तरी रिक्षावाला विचारायचा, "असा पण क्लब आहे?" त्या वर्षी आम्ही तळापासून दुसरे आलो होतो. अजून एक मॅच हरलो असतो तर खालच्या लीगमध्ये गेलो असतो.

आमचे कोच कोल्हापूरचे. चाळिशीतला माणूस, स्वतः मिडफिल्डला खेळलेला. त्या दिवशी ते बोनकोडे गावाजवळच्या आमच्या सरावाच्या मैदानावर एकटेच कोन गोळा करत होते. मला बघून म्हणाले, "मॅडम, आता पोरं आणायची कुठनं?"

दुसऱ्या क्लबात असलेला खेळाडू घ्यायचा तर त्या क्लबाला मोबदला द्यावा लागतो. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. मग उरले ते ज्यांचे करार संपलेत आणि अजून कुणी घेतलेलं नाही असे खेळाडू. फ्री एजंट म्हणतात त्यांना. नाव ऐकायला झकास आहे. पण त्यातले बरेचजण आपापल्या गावी घरात बसून फोनकडे बघत असतात, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं.

कोचने यादी केली आणि फोन मी करायचे असं ठरलं, कारण त्यांचं हिंदी ऐकून समोरचा घाबरतो असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं होतं. मी फोन करत सुटले. एका स्ट्रायकरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅम, पिछले साल आप टेबल में कहां थे?" मी सांगितलं. तो म्हणाला, "सोच के बताता हूं," आणि त्यानंतर त्याने माझा फोन कधीच उचलला नाही. एकाच्या वडिलांनीच फोन घेतला आणि मला समजावलं की तुमच्याकडे आलं की पोरावर शिक्का बसतो, हरणाऱ्या टीमचा. ते वाईट बोलत नव्हते. माझा मुलगा असता तर मीही तेच म्हटलं असतं.

आणि मग मी एक चूक केली. एक मिडफिल्डर येण्याच्या विचारात होता. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून त्याने विचारलं, "ग्राउंड कैसा है, मॅम?" मी म्हणाले, "एकदम नवीन घास डाली है." गवत घालायचं ठरलं होतं, घातलं नव्हतं. मला वाटलं, एकदा माणूस आला, मंडळी भेटली, की तो राहील. तो आला. मी त्याला सीवूड्सचा फ्लॅट दाखवला, खिडकीतून दिसणारी खाडी दाखवली, त्याला आवडलं. मग मैदानावर नेलं. तो पेनल्टी एरियापर्यंत चालत गेला, बुटाच्या टोकाने जमीन उकरली, खडे निघाले. तो परत आला आणि हळूच म्हणाला, "मॅम, मुझे सच बता देतीं तो शायद मैं आ जाता."

संध्याकाळच्या गाडीने तो गेला. पोरं खोटं बोलली की वर्गाबाहेर काढणारी बाई मी. दुसऱ्या दिवशी कोचना सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हुतंया मॅडम. आता नको करूया." मी यादीतल्या उरलेल्या सगळ्यांना जे आहे ते सांगायला लागले. त्याने नकार काही कमी झाले नाहीत.

स्टॉपरची जागा सगळ्यात अवघड होती. बचावाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना सांभाळणारा खेळाडू. तो अनुभवीच लागतो. आणि तो मला सापडला मासळी बाजारात.

करावे गावची एक बाई नेरूळला मासे विकायला बसते. वर्षानुवर्षं मी तिच्याकडूनच घेते. त्या रविवारी मी क्लबचा टी-शर्ट घालून गेले होते. तिने बोयटं साफ करता करता माझ्या छातीवरच्या चिन्हाकडे बघितलं.

"ही ती हरते ती टीम ना?"

मी म्हणाले, "हो, तीच."

"माजा धाकला पन बॉल खेलतो. लय लांब लांब खेलला. आता घरी हाय. कोनी बोलवत नाय त्याला." तिने माशाचं डोकं कापून बाजूला टाकलं. "जेवत पन नाय नीट."

मी मुलाचं नाव विचारलं. तिने सांगितलं आणि माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. दहा वर्षं पूर्वेकडच्या, दक्षिणेच्या मोठ्या क्लबांतून खेळलेला स्टॉपर. त्याचं नाव मी कॉलेजच्या मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. तो आमच्या मैदानापासून काही स्टेशनांवर राहतो हे आमच्या क्लबात कुणालाही ठाऊक नव्हतं. कोचना फोन केला तर ते ओरडलेच, "आवो, त्यानं माझ्याविरुद्ध खेळून माझी बरगडी मोडलीया! कुठाय त्यो?"

त्याच संध्याकाळी आम्ही करावेला गेलो. गल्ली अरुंद, दारात जाळं वाळत घातलेलं. तो बाहेर आला. तेहतीस वर्षांचा, उंच, खांदे रुंद, डोळ्यांखाली काळं. कोचच्या पाया पडायला वाकला, कोचनी त्याला वरच्या वर धरलं. चहा झाला. आम्ही विषय काढला. त्याने मान हलवली.

"नको सर. तुमी आलात, बरं वाटलं. पन नको."

"पैशाचं कमी पडतंय काय?" कोचनी विचारलं.

"तसं नाय."

"मग?"

त्याने रिकामे कप एकात एक घातले. आतून त्याची आई बघत होती. शेवटी म्हणाला, "मी रोज सकाळी भावासंगती खाडीत जातो. सहाला होडी सुटते. बोलायचं असेल तर तिकडं या." मला कळलं की तो आम्हाला वाटेला लावतोय. सकाळी सहाला होडीत कोण बसायला येणार?

कोच म्हणाले, "येतो की."

सोमवारी सहाला आम्ही धक्क्यावर हजर. मी ट्रॅक पँट घातली होती, आणि पोहता येत नाही हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचा मोठा भाऊ होडी चालवत होता. तो आमच्याकडे बघून हसला आणि हात धरून आम्हाला आत घेतलं. तिवरांच्या बाजूने आम्ही पुढे गेलो. त्यांनी जाळं ओढलं, थोडी कोळंबी निघाली, दोन चिंबोऱ्या निघाल्या. कोचच्या पायाजवळ चिंबोरी आली तसे ते फळीवर चढून बसले. पहिल्यांदा तो स्टॉपर हसला.

परत फिरताना होडीचं मशीन बंद पडलं. मोठा भाऊ दोरी ओढत राहिला, शिव्या देत राहिला. ओहोटी लागली होती. अर्ध्या तासात होडीखालचं पाणी गेलं आणि आम्ही चिखलात बसलो. चारी बाजूंनी चिखल, त्यात निवटे, चिखलातले ते बारके मासे, उड्या मारतायत, आणि लांब सीवूड्सच्या इमारती उन्हात चमकतायत.

"आता भरती येवंस्तवर बसा," मोठा भाऊ म्हणाला आणि टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला.

उतरून चालायची सोय नव्हती, माणूस मांडीपर्यंत रुततो. म्हणजे चार तास कुणीच कुठे जाणार नव्हतं. माझ्या डब्यात थालीपीठ होतं, ते आम्ही चौघांत वाटलं. मग कोचनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी होडीच्या तळाशी पडलेल्या रिकाम्या शिंपल्या गोळा केल्या आणि फळीवर मांडल्या. मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. "मी तुला ये म्हणून सांगत न्हाई," ते म्हणाले. "फकस्त एवढं सांग, गेल्या साली आमी एवढं गोल का खाल्लं? तू बघितलं नसशील, मी सांगतो कसं हुतं ते..."

"बघितलंय," तो म्हणाला.

कोच थांबले.

"सगल्या बघितल्या. इथल्या सगल्या मॅच. वरच्या कोपऱ्यात बसायचो." त्याने बोटाने एक शिंपली पुढे सरकवली. "गुडघा दुखावला म्हनून मी वर्षभर घरीच. तुमचा हा डावा बॅक इथंवर पलतो. परत येत नाय. मागं हा एकटा. हा काय करनार? याला वाटतं तो बघल, त्याला वाटतं हा बघल. कोन कोनाला हाक मारत नाय. तुमची टीम मुकी हाय सर."

मग दोघं सुटले. शिंपल्या इकडच्या तिकडे व्हायला लागल्या. मला निम्मं कळत होतं, निम्मं नाही, पण त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहावंसं वाटत होतं. घरात चहा पिताना बसलेला तो माणूस हा नव्हताच. मध्येच मोठ्या भावाने टोपी बाजूला करून एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि परत झाकला.

ऊन चढलं तेव्हा मी त्याला विचारलं, "मग यायला काय हरकत आहे? खरं सांग."

त्याने होडीच्या कडेचा चिखल बोटाने खरवडला. "बाहेर हारलो की रूमवर यायचो, दार लावायचो. सकाळी परत सराव. इथं हारलो तर त्याच गल्लीतनं घरी जायचं. गावाला वाटतं मी लय मोठा खेलाडू हाय. आईला वाटतं. तिनं एक पन मॅच बघितली नाय माजी. इथं ती बघनार, आन मी पडनार. गुडघा पयल्यासारखा नाय आता, मॅडम."

मला त्या मिडफिल्डरची आठवण झाली. मी म्हणाले, "आमचं मैदान खराब आहे. गवत पावसाळ्यानंतर घालणार म्हणतात, पण मला खात्री नाही. टीम यंदाही हरेल. कदाचित खालीही जाईल. तुला मी काही मोठं दाखवू शकत नाही. पण तुझ्यासारखं बोलणारं आमच्यात कुणी नाही, एवढं मला आत्ता दिसलं."

त्याने फळीवरच्या शिंपल्या गोळा करून परत तळाशी टाकल्या. भरती आली, होडी हलली, दुसऱ्या एका होडीने आम्हाला ओढून धक्क्याला लावलं. कोचचं नाक भाजून लाल झालं होतं.

बुधवारी सरावाला तो आला. बूट प्लास्टिकच्या पिशवीत. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "एक वर्ष. आन आईला मॅचला आनायचं नाय."

पुढच्या आठवड्यात त्याने स्वतः फोन केले. केरळचा एक गोलकीपर आणि मिझोरमचा एक लेफ्ट बॅक, दोघंही त्याच्याबरोबर खेळलेले, दोघंही रिकामे. मी शेजारी बसून ऐकत होते. तो त्यांना म्हणाला, "ग्राउंड बेकार है, टीम नीचे है, कोच अच्छा है. आ जा." दोघं आले. जे मला दोन महिन्यांत जमलं नव्हतं ते त्याने चहा गार व्हायच्या आत केलं. खेळाडू खेळाडूचंच ऐकतो, आणि तेही त्याने आधी वाईट ते सांगितलं तर, हे तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

पहिल्या तीन मॅच आम्ही हरलो. पण मैदानावर आवाज यायला लागला होता. मागून तो सारखा ओरडायचा, कधी हिंदीत, कधी आगरीत. मिझोरमच्या मुलाला "मागं ये, मागं!" एवढं मराठी पहिल्या पंधरवड्यातच आलं. चौथी मॅच बरोबरीत सुटली. पाचवी आम्ही जिंकलो, तेव्हा कोच साइडलाइनवर मटकन खाली बसले.

आणि मग ती मॅच. मी स्टँडमध्ये बघितलं तर वरच्या रांगेत चार बायका, मध्ये त्याची आई. मी आणलं नव्हतं. त्या दिवशी इथे मॅच आहे हे आईला बाजारातल्या गिऱ्हाइकाने सांगितलं, आणि ती रिक्षा करून आली होती. मी धावत वर गेले, तिच्याशेजारी बसले. त्यालाही ती दिसली असावी, कारण त्यानंतर त्याचा एक पास धड गेला नाही.

दुसऱ्या हाफमध्ये कॉर्नर आला. तो उडी मारायला गेला, बॉल त्याच्या गुडघ्याला लागला आणि आमच्याच गोलमध्ये गेला. सगळं स्टँड गप्प झालं. आणि त्या शांततेत त्याची आई उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. "माज्या पोऱ्यानं मारला! बगितला कं बाय, माज्या पोऱ्यानं मारला!" तिच्याबरोबरच्या तिघीही टाळ्या वाजवायला लागल्या. खाली तो गुडघ्यावर बसला होता. त्याने वर बघितलं.

मी तिचा हात धरून खाली बसवलं आणि कानात सांगितलं की बॉल चुकीच्या बाजूला गेला. तिला ते नीट कळलं नाही, की कळूनही तिने मनावर घेतलं नाही, मला माहीत नाही. आम्ही ती मॅच त्याच गोलने हरलो.

मॅच संपल्यावर ती थेट खाली गेली. तो मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, झालं, आता हा उद्यापासून येत नाही. ती म्हणाली, "ही बाय बोलते चुकीचं झालं. झालं तर झालं. तू पडलास तवा लागलं का गुडघ्याला? दाखव." आणि तिथेच, सगळ्या खेळाडूंच्या देखत, ती त्याचा मोजा खाली करायला लागली. तो "आई, सोड, आई" म्हणत होता आणि हसत होता. हसता हसता त्याचे डोळे भरले. गोलकीपर पुढे आला आणि आईच्या पाया पडला. मग एकेक करून सगळेच.

त्यानंतर ती प्रत्येक मॅचला यायची. चुकूनमाकून जिंकलो तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोळंबीचा डबा यायचा, आणि हरलो तरी यायचा. तो मात्र मोकळा खेळायला लागला. गावात काय म्हणतात, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "हारलो की चिडवतात. चिडवू दे. सकाळी तेच होडी ढकलाला येतात."

मोसमाच्या शेवटच्या मॅचला आम्हाला एक गुण हवा होता. मिळाला तर राहू, नाही तर खाली जाऊ. आणि त्या मॅचला तो नव्हता. पिवळी कार्डं साठली होती म्हणून नियमाने त्याला एक मॅच बाहेर बसावं लागलं होतं. तो माझ्याशेजारी स्टँडमध्ये बसला. बसला म्हणजे काय, पहिल्या दहा मिनिटांनंतर त्याने मैदानाकडे पाठ केली. मला म्हणाला, "मॅडम, तुमी सांगा काय होतंय." मग ती सगळी मॅच मी त्याला सांगितली. कॉर्नर आला, गेला. फ्री किक, बाहेर. गोलकीपरने पकडला. माझा घसा बसला. शेवटच्या पाच मिनिटांत मी बोलायची थांबले तर तो ओरडला, "बोला ना!"

शून्य-शून्य. आम्ही राहिलो. खालून तिसरे. कुणाला त्यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही, पण त्या संध्याकाळी आमच्या बसमध्ये पोरं नाचत होती.

जूनमध्ये कोचना वरच्या लीगमधल्या एका क्लबाने बोलावलं. त्यांनी जायलाच हवं होतं. जायच्या आधी करावेला जेवण झालं. कोल्हापूरचा मटण खाणारा माणूस, बोयटाचे काटे काढता काढता घामाघूम झाला, आणि स्टॉपरची आई सारखी वाढत होती. कोच काही बोलायला उभे राहिले, दोन शब्द बोलले आणि खाली बसले.

मला रिक्षापर्यंत सोडायला स्टॉपर आला. दक्षिणेच्या एका क्लबाचा त्यालाही फोन आला होता, हे मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही. चालता चालता त्यानेच सांगितलं की त्याने परवाच आमच्याकडे अजून एक वर्षाची सही केली, आणि गुडघ्यासाठी डॉक्टरची वेळ घ्यायची आहे, तेवढी मी घेऊन द्यावी. मी म्हणाले, उद्याच घेते.